सापाचा कोपरा

"निक्षेप म्हंजे काय?" बाबालालचाचांनी विचारलं.

दुय्यम निबंधक कार्यालयाच्या व्हरांड्यात आम्ही एका बाकावर बसलो होतो. दस्ताचे कागद माझ्या मांडीवर होते आणि मी ते मोठ्यानं वाचून दाखवत होते. चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. शिवाय स्वतः वाचण्यापेक्षा दुसऱ्यानं वाचलेलं ऐकण्यावर त्यांचा भरवसा जास्त. गट नंबर झाले, चतुःसीमा झाल्या. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, हे त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं. मग जुन्या दस्तांत असतंच ते वाक्य आलं: सदर मिळकत तीमधील झाड, झाडोरा, दगड, धोंडे, निधी-निक्षेप यांसह लिहून देत आहे.

"जमिनीत काही पुरून ठेवलेलं असेल तर ते," मी म्हटलं. "सोनंनाणं वगैरे. तसं काही नसतं, पण लिहायची पद्धत आहे. जमीन ज्याची, आत पुरलेलंही त्याचं."

"आत पुरल्यालं बी."

"हो."

त्यांनी टोपी काढली, तिच्या आत बघितलं आणि पुन्हा डोक्यावर घातली. "जरा पानी पिऊन येतो, बाळ," म्हणून उठले, सकाळपासून हातात असलेली कापडी पिशवी घेतली आणि फाटकातून बाहेर गेले. पाण्याची टाकी व्हरांड्यातच होती, हे माझ्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

मी उरलेली पानं स्वतःशीच वाचून काढली. मग उठून आत डोकावले. आमच्या आधी अजून काही जण होते. बाहेर आले, बसले, पुन्हा उठले. माझे वडील, आप्पा, गेल्यापासून मला एका जागी बसवत नसे. पुण्याला असले की गावी जावंसं वाटे आणि गावी आले की घराच्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नुसती फिरत राही. त्या दिवसांत मला सावरलं असेल तर या कागदांनी. वारस नोंद, तलाठी, पंचनामा, चलन, दस्त. एक झालं की दुसरं. आज हे शेवटचं होतं आणि ते कधी एकदा संपतंय असं मला झालं होतं. ते संपल्यावर काय करायचं, हे मात्र मी स्वतःला विचारत नव्हते.

प्रकरण तसं साधं होतं, फक्त सांगायला चमत्कारिक वाटे. कागदावर जी जमीन आमची, ती चाचा कसत होते आणि कागदावर जी चाचांची, ती आम्ही. हेरलगीत कृष्णेच्या अगदी काठाला आमची मळी होती. दर पुराला नवा गाळ बसणारी काळी जमीन, जिथं वांग्याचं रोप लावून विसरलं तरी टोपली भरावी. आणि वर, गावाच्या पाठीला, चाचांचा म्हणजे बाबालाल जमादारांचा माळ होता. आप्पांना दमा. नदीकाठचं धुकं आणि ओल त्यांना सोसत नसे. चाचांचा हात भाजीपाल्याचा, आणि माळावर भाजीपाला काही धरत नव्हता. माझ्या जन्माच्या आगेमागे कधीतरी एका सकाळी दोघांनी दोन्ही रानांचे बांध फिरून अदलाबदल करून टाकली. कागद नाही, साक्षीदार नाही. आप्पांनी माळावर घर बांधलं. मी त्याच घरात वाढले आणि आई आणि नंतर आप्पा, दोघंही त्याच घरात गेले.

नेमगोंडा पाटलानं मळी देऊन माळ घेतला, असं गाव आप्पांबद्दल आयुष्यभर म्हणत आलं. सर्वांत जास्त म्हणायचा तो माझा चुलतभाऊ शीतलदादा. तो प्लॉट पाडून विकायचा धंदा करायचा आणि तालुक्यातल्या निम्म्या खरेदीविक्रीत मध्यस्थ असायचा. आप्पांच्या हयातीतच त्यानं हा घोळ निस्तरून देतो म्हणून सांगितलं होतं. आप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. शेवटच्या आजारपणात, नाकावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून, ते मला म्हणाले होते, "बाबूचं आणि आपलं कागदावर घे. पण मधे कुणाला घालू नकोस. एजंट नको, वकील नको, शीतल तर नकोच. तू आणि बाबू."

का, म्हणून मी विचारलं.

"आमच्यात तिसरा नव्हता," ते म्हणाले आणि मास्क पुन्हा लावून घेतला. त्यांना तेवढंच बोलणं पेलत होतं.

मग मी तसंच केलं. ताबा एकाचा आणि कागद दुसऱ्याचा, अशा जमिनींची अदलाबदल करून घ्यायची सरकारी सोय होती. मी ग्रंथपालाची नोकरी करणारी बाई; नियम शोधून वाचणं हे माझं रोजचं काम. दस्ताचा मसुदाही मी जुने दस्त समोर ठेवून स्वतःच तयार केला होता. निधी-निक्षेप त्यांतूनच आला होता.

फाटकाशी टेबल टाकून बसलेला एक एजंट सकाळपासून मला न्याहाळत होता. माझी तिसरी फेरी झाल्यावर त्यानं विचारलं, "ताई, पार्टी पळाली काय?"

"पाणी प्यायला गेलेत."

"तासभर पाणी पितंय व्हय कोण? आमच्याकडं दिलं असतं काम, तर आम्ही पार्टीला इथं धरून बसवलं असतं. त्याचेच पैसे घेतो की आम्ही."

साक्षीदार म्हणून गावाहून आलेले दोघे समोरच्या हॉटेलात भजी खात होते. त्यांनाही चाचा कुठं गेले ते ठाऊक नव्हतं. तेवढ्यात शीतलदादाचा फोन आला. त्याला दस्ताचा दिवस कळला होता, कसा ते मी विचारलं नाही. म्हातारा उठून गेला, हे मी त्याला सांगायला नको होतं; पण तोंडून गेलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. बोलताना गाडी चालवत असावा. मग त्यानं मला शांतपणे समजावलं. आप्पा गेले, आता त्या दोघांच्या शब्दाला विचारतं कोण? बाबालालच्या पोरांनी म्हाताऱ्याचे कान भरले असणार. माळाचा सातबारा त्यांच्या नावावर, म्हणजे तुमचं घर त्यांच्या जमिनीत. घर मागतील. तू उलट मळी धरून बस, नवा पूल तिकडून जाणार आहे. मी येईपर्यंत कशावर सही करू नको.

"त्रिशू, ऐकतेस ना? घर गेलं म्हणून समज."

मी फोन ठेवला. घराचं मला फारसं काही वाटलं नसतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. पण माळावर नुसतं घर नव्हतं.

माळाच्या एका कोपऱ्यात, बांधाला लागून, दगडांचा ढीग आहे आणि त्यावर सीताफळाचं एक वाकडं झाड झुकलेलं आहे. तिथं साप आहे, हे मला चालता यायला लागल्यापासून माहीत होतं. आम्ही जैन. साप निघाला म्हणून कुणी काठी उचलायची नाही. त्याची जागा त्याला सोडून आपण बाजूनं जायचं. आमचं औत त्या कोपऱ्याला वळसा घालून जाई. त्या झाडाची सीताफळं झाडावरच पिकत आणि पाखरं खात. मी तो साप कधी पाहिला नाही, पण लहानपणी स्वप्नात तो बरेचदा आला होता. गावातलं कुणी तिकडं फिरकत नसे. पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यालाही चाचांनी लांबूनच हात केला होता, "तिकडं नगं भाऊसाहेब, जनावर हाय," आणि तो बिचारा होता तिथूनच लिहून मोकळा झाला होता.

आपली रक्षा नदीत सोडू नये, त्या कोपऱ्याला खड्डा करून घालावी, असं आप्पांनी सांगून ठेवलं होतं. तिथली जागा नांगराखाली येत नाही म्हणून असेल, असं मी धरून चालले. रक्षाविसर्जनाला आलेली माणसं सापाच्या धास्तीनं बांधावरच थांबली होती. खड्डा चाचांनी काढला होता. कुदळ माझ्या हातातून घेऊन, चपला काढून, अनवाणी.

आता तो कोपरा कागदावर त्यांचा होता, आणि ते निघून गेले होते.

आतून आमचं नाव पुकारलं गेलं. मी आत जाऊन दुसरे पक्षकार आलेले नाहीत म्हणून सांगितलं. लिपिकानं मान वर न करता जेवणाच्या सुट्टीनंतर या म्हणून सांगितलं, आणि आज झालं नाही तर पुन्हा वेळ घ्यावी लागेल असंही. मी गाडीची किल्ली मुठीत धरून रस्त्यावर आले. हॉटेलं पाहिली, मशिदीच्या दारात चपला पाहिल्या, बियाण्यांच्या दुकानात विचारलं. शेवटी एसटी स्टँडवर, हेरलगीची गाडी लागते त्या बाकावर ते सापडले. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर.

"पाणी मिळालं का, चाचा?"

"मिळालं," ते म्हणाले.

मी शेजारी बसले. गाडीला अजून अवकाश होता. स्टँडवर ऊन आणि शेळ्या, एवढंच होतं. सही करायची नसेल तर तसं सांगा, मी रागावणार नाही, असं मी म्हटलं. माझा आवाज रागावलेलाच होता.

"करायची न्हाय असं न्हाय."

"मग असं उठून का आलात? शीतलदादा म्हणतो, तुम्हाला माळ परत पाहिजे. खरं आहे का?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मोतीबिंदूमुळं त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर नेमकी थांबत नसे, किंचित बाजूला जाई.

"शीतलला काय ठावं? त्यो माळावर कवा आला का?" मग म्हणाले, "तू बांध फिरलीस का?"

"पंचनामा झालाय की."

"तलाठी फिरला. तू न्हाईस. म्या आन नेमाण्णा दोघंबी फिरलो तवा. मळीत त्यो फुडं, म्या मागं. माळावर म्या फुडं, त्यो मागं. देनाऱ्यानं फुडं चालायचं, घेनाऱ्यानं मागं. फिरल्याबिगर घेतल्याली जिमीन घेतल्याली न्हवं. चल, फिरून येऊ. मग म्हनशील तिथं अंगठा करतो."

मी घड्याळ पाहिलं. हेरलगी फार लांब नव्हती, पण जाऊन, फिरून परत यायचं म्हणजे सुट्टी संपून कामकाज सुरू झालं असतं. एवढा दिवस वाया घालवून यांना आत्ता बांध आठवला. मी उठले आणि गाडीकडं चालू लागले. ते मागून येताहेत का, हे वळून पाहिलंही नाही.

वाटेत फोन वाजत राहिला आणि मी तो वाजू दिला. चाचांनी एकदा फक्त पिशवी उघडून माझ्या पुढ्यात धरली. "सकाळपास्नं द्यायची ऱ्हायली." आत वांगी होती, मळीतली, पुण्याला न्यायला. मी मागच्या सीटवर ठेवा म्हटलं. त्यांनी ती मांडीवरच ठेवली.

माळावर शाळू गुडघ्याएवढा झाला होता. आप्पा गेल्यावर तो चाचांच्या मुलांनीच पेरला होता. चाचा पुढं, मी मागं, असे आम्ही निघालो. ते दर हद्दीच्या दगडापाशी थांबत, त्याला पायानं चाचपत, आणि पलीकडं कुणाचं रान हे सांगत. मला ती नावं पाठ होती. सकाळीच मी ती त्यांना वाचून दाखवली होती. मी मधूनच भराभर चाले आणि त्यांच्या टाचांशी येऊन अडखळे. आमचं घर डाव्या हाताला, दार बंद, अंगणात वाळलेला पाचोळा. त्याच्याकडं मी बघत नव्हते.

शेवटच्या दगडापाशी ते वाकले, एका हातानं बांधाचा आधार घेतला, चपला काढल्या आणि नीट जोडून बांधावर ठेवल्या. मग सीताफळाच्या दिशेनं चालू लागले.

"चाचा, साप आहे तिकडं."

"न्हाय," ते न वळता म्हणाले. "साप कवाच नव्हता."

झाडाखाली जाऊन ते सावकाश मातीत बसले. मी बांधावर उभी होते. मग त्यांनी दगडांवर हात ठेवला, झोपलेल्याच्या अंगावर ठेवतात तसा, आणि तो ढीग लांबट आहे हे मला पहिल्यांदा दिसलं. लांबट, आणि आखूड.

"जैनब हाय," ते म्हणाले.

त्यांनी जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, मधे शाळवाकडं बघत. त्या वर्षी पाणी बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, पायऱ्यांना लागलं होतं. खालच्या आळीतली घरं बुडाली, तेव्हा चाचा बायकामुलांना घेऊन माळावर आमच्या घरी आले होते. जैनब त्यांची सगळ्यात धाकटी, माझ्याहून थोडीशीच मोठी. आम्ही दोघी एका घोंगडीवर निजायचो म्हणे. तिला ताप भरला. गावाला चारी बाजूंनी पाणी, होडी यायचं नाव नाही, आणि जे औषध घरात होतं ते आप्पांच्या दम्याचं. ती गेली तेव्हा कबरस्तान पाण्याखाली होतं. कोरडी जमीन होती ती एवढीच.

"खड्डा तुझ्या बानं काढला. माझं हातच चालंनात. किडामुंगीला जपनारा मानूस, पर त्या दिशी चिखलात कुदळ मारत व्हता. दम लागलाय, छातीत शीळ वाजतीय, तरी कुदळ सोडंना. तुझ्या आईनं नवं पातळ काढून दिलं."

मला त्यातलं काही आठवत नव्हतं. ती घोंगडीदेखील नाही.

पूर उतरल्यावर तिला कबरस्तानात न्यावी, असं चाचांच्या मनात आलं होतं. आप्पा म्हणाले होते, निजलीय, कशाला उठवतोस.

"आन म्हनला, बाबू, ह्ये कुनाच्या कानावर जाऊ द्यायचं न्हाय. आज ह्ये नुसतं दगड हाईत. उद्या कोनतरी चुना फाशील, कोन चादर टाकंल. मग दुसरा कोन यिऊन इचारंल, जैनाच्या रानात ही कबर कशी काय. पोर ऱ्हाईल बाजूला आन त्यांचं भांडान सुरू हुईल. तवा मग त्येनंच साप सोडला हितं." ते पहिल्यांदाच किंचित हसले. "लई गुनाचा साप. कुनाला चावला न्हाय, पर कुनाला जवळ बी येऊ दिलं न्हाय."

"मला तरी सांगायचं होतं त्यांनी."

"पोराला सांगितलं की गोष्ट शाळंत जातीय. आन पोर मोठं झालं की सांगायचं ऱ्हाऊन जातंय."

मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या झाडाखाली बसत होते. आप्पांच्या रक्षेवरची माती पावसानं बसून गेली होती, तरी जागा ओळखू येत होती. ढिगाच्या वरच्या अंगाला, हातभर अंतर सोडून.

"तिच्या उशाला," चाचा म्हणाले. "मापूनच काढला खड्डा. तिला धक्का लावला न्हाय."

मग ते सकाळच्या गोष्टीवर आले. जमीन घे, झाडं घे, दगड घे, समदं तुमचंच हाय, त्येला माझी ना न्हाय, ते म्हणाले. "पर तू वाचलंस, पुरल्यालं बी त्येचं. म्हनून उठलो, बाळ. जिमीन लिहून देतो. हिला कशी लिहून देऊ?"

मग हा कोपरा दस्तातून वगळू, मी म्हटलं. एवढा तुकडा तुमच्याच नावावर राहू दे.

"आन नेमाण्णा? त्येला दुसऱ्याच्या रानात ठेवायचा?"

"दुसऱ्याचं कसलं, चाचा? तुमचं रान."

"कागदावर दुसऱ्याचंच की. उद्या माझी नातवंडं म्हनतील, पाटलाची राख हितं कशाला? न्हाय. त्यो त्येच्या रानात पायजे. कोपरा तूच घे."

"मी नाही घेणार. जैनब आहे."

"घे म्हनतो ना."

असे आम्ही बराच वेळ भांडत होतो. जमिनीसाठी माणसं भांडतात हे मी वाचलं होतं, पाहिलंही होतं. पण तो कोपरा त्यांनी माझ्याकडं ढकलावा आणि मी त्यांच्याकडं, हे बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर आम्हाला वेड्यात काढलं असतं. आणि तसाही कोपरा वगळणं शक्य नव्हतं, हे मला बोलता बोलताच कळत होतं. तुकडा वेगळा करायचा म्हणजे मोजणी आली. मोजणीदार यंत्र घेऊन नेमका याच जागी उभा राहणार, लगतचे खातेदार गोळा होणार आणि कुणीतरी विचारणार, हे काय आहे? आप्पा मधे कुणाला घालू नको म्हणाले होते ते का, हे मला तिथं मातीत बसून समजलं. मी ते इतके दिवस त्यांच्या मैत्रीचा अभिमान समजत होते.

दस्त माझ्या पर्समध्ये होता. मी तो काढला, ते पान शोधलं आणि माळाच्या वर्णनातल्या 'निधी-निक्षेप' या शब्दांवर पेनानं रेघ ओढली. मळीच्या वर्णनातले तसेच ठेवले.

"काय केलंस?" त्यांना रेघ दिसली नव्हती, पेनाचा आवाज ऐकू आला होता.

"शब्द खोडला. आता जमीन माझी, पण आत पुरलेलं तुमचं. ते तुम्ही मला दिलेलं नाही."

"आन नेमाण्णा?"

"आप्पा पुरलेले नाहीत, चाचा. ते मातीत मिसळलेत. माती माझ्याकडं येते."

हे बोलून झाल्यावर मी रडू लागले. आप्पा गेल्यापासून तोवर मी कुणासमोर रडले नव्हते. चाचांनी तिकडं बघितलं नाही. दगडांवर पडलेली वाळकी पानं ते एकेक करून उचलत राहिले आणि माझं होईपर्यंत थांबले.

"सरकारला चालतंय का असं?" मग त्यांनी विचारलं.

"खोडलं तिथं दोघांच्या सह्या केल्या की चालतं."

"आन साप?"

"साप राहील," मी म्हटलं.

त्यांनी यापुढं काही मागितलं नाही. मीही आणखी काही कबूल केलं नाही. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला.

कार्यालयाच्या फाटकाशी शीतलदादा गाडीला टेकून उभा होता. त्यानं चाचांना नमस्कार केला आणि मला बाजूला घेऊन काय म्हणत होता म्हातारा, म्हणून विचारलं. बांध फिरायचा होता, मी सांगितलं. "एवढ्यासाठी?" तो हसला आणि मग गंभीर होऊन पुन्हा मळीचं, पुलाचं सगळं सांगू लागला. आतून आमचं नाव पुकारलं गेलं म्हणून त्याला थांबावं लागलं.

लिपिकानं दस्त चाळला आणि त्याचं बोट रेघेवर थांबलं. हे काय खोडलंय?

"जुना शब्द आहे," मी म्हटलं. "कुणाला कळत नाही."

"खरंय," तो म्हणाला. "आम्हालाही कळत नाही." त्यानं बाजूला सह्या घेतल्या. चाचांनी सही केली, मोठ्या, एकमेकांपासून फटकून उभ्या राहिलेल्या अक्षरांत. फोटो झाले, अंगठे झाले, साक्षीदारांनी भज्यांचे हात पुसून सह्या केल्या. बाहेर आल्यावर चाचांनी पिशवी माझ्या हातात दिली. या वेळी मी ती घेतली.

मळीचा बांध त्या दिवशी राहून गेला. तो आम्ही पुढच्या खेपेला फिरलो. मी पुढं, चाचा मागं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. चाचाही गेले, ते कबरस्तानात आहेत, त्या वर्षी ते कोरडं होतं. त्यांच्या मुलांना ठाऊक आहे की नाही, मी विचारलेलं नाही. माळ अजून तेच पेरतात आणि त्यांचा ट्रॅक्टर त्या कोपऱ्याला वळसा घालून जातो. हेरलगी हे गावाचं खरं नाव नाही, आणि आमचीही नावं मी इथं बदलली आहेत.

गेल्या हिवाळ्यात मी गावी असताना शीतलदादा एका गृहस्थांना घेऊन आला. पूल झाला होता, पण तो मळीवरून न जाता माळाच्या कडेनं गेला होता आणि आता माळाला मागणी होती. विकायचा नाही, असं मी त्याला फोनवर सांगितलं होतं. तरी नुसतं बघून तर जाऊ दे, म्हणाला. गृहस्थ चांगले होते. त्यांनी घर पाहिलं, विहीर पाहिली, बांधावरून चालत शेवटच्या दगडापर्यंत गेले आणि सीताफळाकडं बोट करून त्यांनी विचारलं, ते दगड कसले? आणि पाऊल उचललं.

"तिकडं जाऊ नका," मी म्हटलं. "साप आहे."

ते जागीच थांबले. शीतलदादा म्हणाला, "अजून? आप्पांच्या काळापासून ऐकतोय."

"मारला नाही कुणी?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"आमच्यात मारत नाहीत," मी म्हटलं. "त्याची जागा त्याला सोडतो."